चुनखडीच्या रानातला भुईमूग

फलटण तालुक्यातील आमच्या शिवारात जमीन वरून काळी दिसते, पण नांगर थोडा खोल गेला की तासागणिक पांढरे खडे वर येतात. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून सुटलेले कॅल्शियम वाहून नेण्याइतके पाणी जमिनीतून खाली झिरपत नाही, आणि ते खालच्या थरात चुनखडीच्या रूपाने साचत राहते. आमच्या ज्या तुकड्याविषयी मी लिहीत आहे, त्याचे सपाटीकरण वडिलांच्या काळात झाले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी सगळीकडे सारखे बसावे म्हणून वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढली गेली. त्यामुळे खालच्या बाजूला हातभर काळी माती आहे आणि वरच्या बाजूला कुळवाच्या फाशीलाच चुनखड लागते. उसाने हा फरक फारसा कधी दाखवला नाही. उसाचा खोडवा मोडून उन्हाळी भुईमूग घेतला, तेव्हा मात्र तो बांधावरूनही दिसू लागला.

पेरणी जानेवारीच्या अखेरीस, रात्रीची थंडी ओसरू लागल्यावर केली होती. उगवण चांगली झाली. पहिली खुरपणी होऊन दोन पाणी बसल्यानंतर वरच्या अंगाचे पीक फिकट दिसू लागले आणि आठवडाभरात शेंड्याची पाने लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि त्यांच्यामधला भाग पिवळा, अशी ती जाळी स्पष्ट होती. जिथे चुनखड सर्वांत वर होती, तिथे शिराही फिकटल्या, पाने जवळजवळ पांढरी पडली आणि कडेने करपू लागली. खालच्या अंगाला त्याच दिवशी पेरलेले, त्याच पिशवीतले बियाणे गडद हिरवे होते.

आमच्याकडे अशा पिवळेपणाला केवडा पडला असे म्हणतात, आणि केवडा म्हटले की बहुतेकांच्या मनात रोग येतो. त्यामुळे सुचवले गेलेले उपायही रोगाचेच होते. दुकानातून बुरशीनाशकाचा सल्ला मिळाला. शेजारचे तात्या म्हणाले, ‘‘अहो, नत्र कमी पडलंय, पोतंभर युरिया विस्कटा आणि पाणी द्या.’’ तात्यांचा अनुभव मोठा आहे आणि उसाच्या बाबतीत त्यांचे शब्द मी सहसा डावलत नाही, परंतु भुईमुगात पिवळे कोणते पान पडले आहे, हे पाहिल्याशिवाय युरियाचे पोते उघडू नये, असे मला कृषी विज्ञान केंद्राच्या एका चर्चासत्रात ऐकलेले आठवत होते.

ही गोष्ट साधी असली तरी पुढचे सगळे तिच्यावर उभे असल्यामुळे ती सविस्तर सांगतो. नत्र झाडात फिरते असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो आणि संपूर्ण पान सारखेच फिकट होते. लोह असे फिरत नाही. जुन्या पानात एकदा बसलेले लोह तिथेच राहते, त्यामुळे त्याची टंचाई शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. गंधकाची कमतरताही कोवळ्या पानांवरच दिसते, पण तिच्यात शिराही पिवळ्या होतात. जस्त कमी पडले तर पाने लहान राहतात, पेरे आखूड होतात आणि पानांवर तांबूस छटा येते. आमच्या रानात चित्र मुख्यतः लोहाचे होते, त्यात काही झाडांची पाने अंमळ बारीक वाटत होती. काही रोपे हलकेच उपटून मुळांवरच्या, हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी नखाने फोडून पाहिल्या. खालच्या अंगाच्या गाठी आतून गुलाबी-लाल होत्या, तर वरच्या अंगाच्या गाठी संख्येने थोड्या, बारीक आणि आतून फिकट निघाल्या. गाठीतील तो लाल रंग ज्या द्रव्याचा असतो, त्याच्या घडणीत लोह लागते. म्हणजे वरच्या झाडांना नत्रही कमी मिळत होते हे खरे, पण त्याचे मूळ लोहात होते. युरिया टाकून ते सुटले नसते.

माती तपासणीसाठी वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने वेगवेगळे घेतले. संपूर्ण शेताचा एकच मिसळलेला नमुना दिला असता, तर दोन्ही टोकांची सरासरी येऊन तो अहवाल कोणत्याच टोकाला लागू पडला नसता. वरच्या अंगाचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) ८.४, क्षारता सर्वसाधारण, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि मुक्त चुना, म्हणजे मातीतले कॅल्शियम कार्बोनेट, १२ टक्के निघाला. प्रयोगशाळेच्या डीटीपीए पद्धतीने काढलेले उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येण्याजोगे लोह दर किलो मातीला २.६ मिलिग्रॅम होते. ही पातळी ४.५ च्या खाली असली की आपल्याकडे जमीन लोहात कमी समजतात. जस्त ०.४ होते आणि त्याची मर्यादा ०.६ आहे. बोरॉन आणि गंधक दोन्ही काठावर होते. खालच्या अंगाला सामू ८.० आणि चुना ५ टक्क्यांच्या आत होता, आणि लोह मर्यादेच्या थोडे वर होते. प्रयोगशाळेत जाण्याआधीच घरच्या ओट्यावर दोन्ही मातींवर थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहिले होते. खालची माती किंचित फसफसली, आणि वरची माती उतू जाईल की काय असे वाटण्याइतकी फसफसली. आकडे त्यानंतर आले, पण अंदाज त्या फेसाने दिला होता.

अहवालातील २.६ हा आकडा वाचून जमिनीत लोह नाही असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत एकूण लोह काही टक्के असते, म्हणजे दर किलो मातीत कित्येक ग्रॅम. कणगी भरलेली असावी आणि तिचे तोंड लिंपून टाकलेले असावे, अशी ही स्थिती आहे. सामू एका अंकाने वाढला की फेरिक, म्हणजे गंजाच्या रूपातील लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते. भुईमुगाची मुळे यावर स्वतःचा उपाय करतात. ती आम्ल सोडून मुळाभोवतीचा सामू उतरवतात आणि फेरिक लोहाचे सहज विरघळणाऱ्या फेरस लोहात रूपांतर करून ते शोषतात. चुनखडीच्या रानात या कामात बायकार्बोनेट आडवे येते. चुना, पाणी आणि मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते, आणि मुळाने सोडलेले आम्ल तेच खाऊन टाकते. जमीन जितकी ओली, दबलेली आणि हवेला बंद, तितका कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो आणि बायकार्बोनेट वाढते. जास्त पाणी दिल्यावर किंवा अवकाळी पाऊस झाल्यावर केवडा का वाढतो आणि वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निघून जमिनीत ओल आणि हवा दोन्ही असल्यावर, पीक आपोआप थोडे सुधारते का, याचे उत्तर इथे मिळते.

याच ओघात ‘सामू दुरुस्ती’ या विषयाचे गणित मी एकदा कागदावर मांडून पाहिले, कारण गंधक किंवा कुठलेसे आम्ल टाकून जमिनीचा सामू साडेसहावर आणून देतो, असे सांगणारे प्रतिनिधी हंगामात दर आठवड्याला येतात. एका एकरातील वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचे वजन ढोबळमानाने ८ लाख किलो भरते. त्यात १२ टक्के चुना म्हणजे ९६ हजार किलो झाला. १०० किलो चुना पूर्ण नाहीसा करायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एकरी सुमारे ३० टन. जोपर्यंत चुना शिल्लक आहे तोपर्यंत सामू खाली टिकत नाही, आणि एवढे गंधक कोणी टाकू शकत नाही. तेव्हा संपूर्ण जमीन बदलण्याचा विचार सोडून मुळाभोवतीची चार बोटे माती तेवढी सांभाळणे हेच शक्य आहे, हे मला त्या कागदावर पटले.

उभ्या पिकासाठी तातडीचा उपाय फवारणीचाच होता. बाजारात हिराकस म्हणून मिळणारे फेरस सल्फेट घेताना त्याचा रंग पाहून घेतला. ते फिकट हिरव्या खड्यांचे असावे. खडे तपकिरी, गंजलेले दिसत असतील तर त्यातील लोह हवेने फेरिक झालेले असते आणि फवारणीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, आणि त्याबरोबर १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्ल आधी पाण्यात विरघळवायचे आणि मग हिराकस टाकायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात हिराकस नुसते टाकले, तर बादलीतच घटकाभरात पाणी मातकट होते आणि तळाशी गाळ बसतो. तो गाळ म्हणजे पानापर्यंत न पोहोचलेले लोह. सायट्रिक आम्ल असले की द्रावण हिरवट राहते. तयार केलेले द्रावण त्याच दिवशी संपवायचे आणि फवारणी ऊन उतरल्यावर करायची, कारण भर उन्हात पानांच्या कडा जळतात. चिकटद्रव्य टाकल्याने थेंब पानावर पसरतात.

थेंब पसरण्याचे महत्त्व मला दोन-तीन दिवसांनी पाने पाहताना कळले. जिथे थेंब बसला होता तिथेच पान हिरवे झाले होते आणि शेजारचा भाग पिवळाच होता. पिवळ्या पानावर हिरवे ठिपके असे ते उलटे चित्र होते. लोह पानातल्या पानातही सरकत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. याचाच दुसरा अर्थ असा की फवारणीनंतर जे नवे पान फुटते ते पुन्हा पिवळेच येते. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने, नवी पाने पाहून, फवारणी परत करावी लागली. फुले लागण्यापासून आऱ्या (फुलातून निघून मातीत घुसणाऱ्या, टोकाला शेंग धरणाऱ्या दांड्या) जमिनीत शिरेपर्यंतचा काळ मी विशेष सांभाळला, कारण त्या टप्प्यावर पांढरे पडलेले पीक नंतर हिरवे झाले तरी शेंगांची संख्या भरून निघत नाही. तुलनेसाठी वरच्या अंगाच्या काही ओळी मुद्दाम न फवारता सोडल्या होत्या. त्या शेवटपर्यंत खुरट्या राहिल्या.

दरम्यान पिवळी आणि हिरवी पाने वेगवेगळ्या पुडीत बांधून पान-तपासणीसाठी पाठवली. अहवाल आला तेव्हा पिवळ्या पानांतील एकूण लोह हिरव्या पानांपेक्षा कमी नव्हते, उलट किंचित जास्तच होते. माझ्या ओळखीच्या एका पदवीधर शेतकऱ्याने यावरून निष्कर्ष काढला की लोहाचा प्रश्नच नाही, फवारण्या बंद करा. सुदैवाने हा विरोधाभास शास्त्रज्ञांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. चुनखडीच्या जमिनीत बरेचसे लोह पानापर्यंत येऊनही निष्क्रिय रूपात अडकते. पानाची वाढ खुंटल्यामुळे तेवढेच लोह कमी वजनात मोजले जाते, आणि पानावरची धूळ नीट धुतली नसेल तर तिच्यातले लोहही आकड्यात मिसळते. हिरवेपणाशी ज्याचा खरा संबंध असतो ते फेरस स्वरूपातील सक्रिय लोह असते, आणि ते ताज्या पानातून वेगळ्या पद्धतीने काढावे लागते. सर्वसाधारण पान-तपासणी हे काम करत नाही. लोहाच्या बाबतीत मी त्यानंतर पान-अहवालावर पैसे घातले नाहीत. हिराकसाचा एक थेंब पानावर लावून तिथे हिरवे होते का हे पाहण्याची चाचणी अधिक बोलकी आहे.

चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून ठेवलेल्या लोहाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागात त्यावर बराच खर्च होतो. ईडीटीए रूपातील लोह फवारणीसाठी चांगले चालते. मात्र तेच ठिबकमधून किंवा मातीतून दिले, तर सामू साडेसहाच्या पुढे गेल्यावर त्याची पकड सुटू लागते, कॅल्शियम त्याची जागा घेते आणि लोह पुन्हा जमिनीत बंदिस्त होते. आठच्या पुढच्या सामूत टिकणारे रूप ईडीडीएचए हे आहे. त्याची किंमत पाहता भुईमुगासारख्या पिकात संपूर्ण क्षेत्राला ते देणे परवडत नाही. फळबागेत ते शोभते. पुडीवर मोठ्या अक्षरात ‘चिलेटेड’ लिहिलेले असले तरी बारीक अक्षरांत कोणते चिलेट आहे, हे वाचूनच ती मातीसाठी घ्यावी की फवारणीसाठी, हे ठरवावे लागते.

पाण्याकडे मी वळलो ते थोडे उशिरा, पण सर्वांत मोठा फरक तिथूनच पडला. कालव्याचे आवर्तन नसते तेव्हा पिकाला बोअरचे पाणी जाते. त्याच्या तपासणीत बायकार्बोनेट भरपूर आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला २.८ मिलिइक्विव्हॅलंट निघाले. हा आकडा १.२५ पर्यंत सुरक्षित आणि अडीचच्या पुढे सिंचनास अयोग्य मानतात. म्हणजे जमिनीत जे बायकार्बोनेट आम्हाला नको होते, तेच आम्ही दर पाण्याबरोबर वरून ओतत होतो. कालव्याचे पाणी असेल तेव्हा फुलोरा आणि आऱ्यांच्या काळात तेच द्यायचे, बोअरचे पाणी नाइलाजाने आणि शक्य तितके कालव्याच्या पाण्यात मिसळून द्यायचे, आणि हौदाच्या तोंडाशी जिप्समची (कॅल्शियम सल्फेटची) पोती ठेवून त्यांवरून पाणी वाहू द्यायचे, अशी व्यवस्था लावली.

त्याबरोबर पेरणीची पद्धतही बदलली. सपाट वाफ्यात पाणी तुंबायचे, आणि केवड्याची सर्वांत पिवळी वर्तुळे नेमकी त्या तुंबलेल्या जागी असायची. पुढच्या हंगामापासून गादीवाफे केले. चार ओळी बसतील एवढी रुंद गादी आणि दोन्ही बाजूंना सरी. सरीतून पाणी पाझरून मुळांपाशी ओल पोहोचते, गादी वरून भुसभुशीत राहते, हवा खेळते आणि आऱ्या सहज शिरतात. तुषार संच असलेल्या शेजाऱ्यांचेही पीक चांगले येते, पण आमच्या बोअरच्या पाण्याने तुषार चालवला तर पानांवर पांढरी पूड बसते, म्हणून तो मार्ग आम्ही घेतला नाही. पाणी देण्याचा दिवस कॅलेंडर पाहून ठरवणे बंद केले. गादीतली माती मुठीत दाबून गोळा होतो का, हे पाहून पाणी सोडू लागलो, आणि पाळी लांबली तशी पाने हिरवी राहू लागली. उन्हाळी भुईमुगाला पाणी ताणायचे, हे ऐकून तात्या आजही मान हलवतात. ताणायचे म्हणजे सुकवायचे नाही, वाफसा येऊ द्यायचा, एवढाच माझा मुद्दा आहे. आऱ्या आणि शेंगा भरताना ओल तुटू दिली तर नुकसान ठरलेले आहे.

पेरणीपूर्वीची तयारी आता अशी असते. एकरी १० किलो हिराकस आणि ८ किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळून, पाणी शिंपडून, सावलीत पोत्याखाली दोन आठवडे मुरवायचे. नुसते हिराकस या मातीत टाकले तर काही दिवसांत ते मातीच्या इतर लोहासारखेच निरुपयोगी होते. शेणखतात मुरलेले लोह सेंद्रिय आम्लांना धरून राहते आणि मुळाला मिळत राहते. हे मुरलेले खत संपूर्ण शेतात न विस्कटता पेरणीच्या ओळीतच पडेल असे देतो. स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) डीएपी हे नेहमीचे खत सोडून एकरी १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट ओळीत देतो. त्यातून २० किलो स्फुरद मिळतेच, शिवाय सुमारे १४ किलो गंधक येते. चुनखडीत स्फुरद लवकर बांधले जाते म्हणून ते जास्त द्यावे, असा सल्ला मिळतो, पण जादा स्फुरद जस्त आणि लोह दोन्ही अडवते. ओळीत, मुळाजवळ आणि शिफारशीइतकेच देणे मला अधिक योग्य वाटते. झिंक सल्फेट आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवत नाही. नत्राचा पहिला हप्ता एकरी ५० किलो अमोनियम सल्फेटमधून देतो. त्यातून साधारण १० किलो नत्र मिळते. अमोनियम रूपातले नत्र शोषताना मूळ बाहेर आम्ल सोडते आणि नायट्रेट शोषताना भोवतीचा सामू वाढतो, त्यामुळे या जमिनीत अमोनियम सल्फेट आणि युरिया यांत फरक दिसतो. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावणे आमच्याकडे आता नेहमीचे झाले आहे, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे नाही.

जिप्समच्या बाबतीत बहुतेक जण विचारतात की जमीनच चुन्याची असताना कॅल्शियम परत कशाला द्यायचे. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातील शिफारस हेक्टरी ४०० किलोंची आहे, म्हणजे एकरी १६०. त्यातील अर्धे पेरणीला आणि अर्धे आऱ्या सुटताना. भुईमुगाची शेंग जमिनीत वाढते, तिच्यातून बाष्पोत्सर्जन होत नाही, त्यामुळे मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे जाते आणि शेंगेकडे फारसे येत नाही. शेंग आपले कॅल्शियम भोवतीच्या मातीतून स्वतः घेते, आणि ते त्या दोन-तीन इंचांच्या थरात विरघळलेले असावे लागते. चुनखड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, जिप्सम लिटरला दोन ग्रॅमच्या वर विरघळते. असे असले तरी माझे प्रामाणिक मत असे आहे की आमच्या रानात जिप्समचा जास्त लाभ त्यातील गंधकाचा आहे. पोचट शेंगांचे प्रमाण खालच्या आणि वरच्या अंगाला फारसे वेगळे कधी नव्हते, पण जिप्सम दिलेल्या पट्ट्यात कोवळी पाने अधिक गडद राहिली. दुसरा हप्ता आऱ्या सुटताना झाडांच्या बुंध्याशी टाकून हलक्या खुरपणीने मातीत मिसळतो. त्यानंतर मात्र रानात खुरपे घालत नाही, कारण आऱ्या तुटतात.

वाणाचा फरकही डोळ्यांना दिसला. टॅग-२४ हा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आलेला, उन्हाळ्यासाठी आमच्याकडे सर्वाधिक पेरला जाणारा वाण आहे. खालच्या अंगाला तो उत्तम येतो, पण चुनखडीवर तो फार लवकर पिवळा पडतो. बांधालगत लावलेले घरचे जुने, मिसळीचे बी त्या मानाने हिरवे राहिले. संशोधनातही हा भेद नोंदलेला आहे. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा आयसीजीव्ही-८६०३१ हा वाण लोहाच्या टंचाईला दाद न देणारा म्हणून ओळखला जातो आणि तसा गुण नव्या वाणांत आणण्यासाठी संकरात वापरला गेला आहे. आम्हाला त्याचे बियाणे मिळालेले नाही. तोपर्यंत घरच्या बियाण्यातून हिरवी राहिलेली झाडे खूण करून त्यांच्या शेंगा वेगळ्या ठेवण्याचे काम घरातली मंडळी करतात.

मक्याच्या ओळींचा प्रयोग मी एका लेखातून उचलला. उत्तर चीनच्या चुनखडीयुक्त मैदानात नुसता भुईमूग पिवळा पडतो आणि मक्यासोबत घेतलेला भुईमूग, विशेषतः मक्यालगतच्या ओळी, हिरव्या राहतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० सालच्या सुमारास दाखवून दिले. गवतकुळातील पिकांची मुळे लोहाला धरून ठेवणारी द्रव्ये जमिनीत सोडतात, आणि शेजारच्या भुईमुगाला त्याचा वाटा मिळतो. आमच्या वरच्या अंगाला गादीच्या कडेने मक्याची एकेक ओळ टोकली. लगतची भुईमुगाची ओळ नक्कीच गडद होती, दुसऱ्या ओळीत परिणाम पुसट होता, आणि तिसऱ्या ओळीत मला काही दिसले नाही. मक्याची सावली आणि त्याची नत्राची भूक यांमुळे लगतच्या ओळीत शेंगा किती वाढल्या, याचा हिशेब मात्र जुळला नाही. जनावरांना वैरण झाली, हा त्यातला निश्चित फायदा.

बोरॉनचा प्रश्न काढणीनंतर कळतो, त्यामुळे तो सहसा कोणी पाहत नाही. पहिल्या उन्हाळ्यात शेंगा फोडून दाण्याचे दोन भाग वेगळे केल्यावर वरच्या अंगाच्या काही दाण्यांत आतल्या बाजूला खोलगट, तपकिरी खड्डा दिसला. बाहेरून असा दाणा टपोरा दिसतो, म्हणून मोंढ्यात तो तसाच खपतो, पण बियाण्यासाठी तो कमअस्सल. आता एकरी २ किलो बोरॅक्स शेणखतात नीट मिसळून पेरणीला देतो. बोरॉनच्या बाबतीत हात सैल सोडू नये. गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते, आणि गेल्या पिकाला दिले असेल तर तपासणीशिवाय पुन्हा देऊ नये. राज्याने ठरवलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची पहिली श्रेणी जमिनीसाठी आणि दुसरी फवारणीसाठी असते. ती वापरायची असेल, तर तिच्यातले बोरॉन आणि जस्त हिशेबात धरावे लागते, नाहीतर तीच वस्तू दोनदा पडते.

एवढे करूनही वरच्या अंगाचे उत्पन्न खालच्या अंगाइतके आलेले नाही. पहिल्या वर्षी ते निम्म्याहूनही कमी होते. आता सपाटीकरणात जिथे माती पूर्ण खरवडली गेली तो कोपरा सोडला, तर बाकीचा भाग खालच्या अंगाच्या जवळ आला आहे, आणि फवारण्या पूर्वीच्या मानाने कमी लागतात, कारण मुरवलेले खत आणि गादीवाफे यांमुळे पिवळेपणा उशिरा आणि सौम्य येतो. त्या कोपऱ्याचा हिशेब मी वेगळा ठेवला. तिथे खताचा, हिराकसाचा आणि मजुरीचा खर्च शेंगांच्या किमतीतून निघत नाही. म्हणून यंदापासून तिथे भुईमूग न घेता कडवळ (चाऱ्याची ज्वारी) घेतले आहे, दर पावसाळ्यापूर्वी तिथे ताग गाडायचा आणि खालच्या अंगाच्या बांधाशी साचलेली गाळमाती ट्रॉलीने परत वर न्यायची, असे ठरवले आहे. तीन-चार वर्षांनी त्या कोपऱ्याची माती पुन्हा तपासून मगच तिथे भुईमुगाचा विचार करणार आहे.